समुद्राच्या रंगाची फळी

"रंग खंयचो, विचारता," गोयंदा फोन कानापासून लांब धरून म्हणाला. "फळयेचो रंग."

मी होडी पाण्यात लोटत होतो. मांडीभर पाण्यात तसाच थांबलो आणि त्याच्याकडे बघत राहिलो. फोनवर त्याचा साडू होता. तो पहाटेच जाळ्यांवर गेला होता, त्याची होडी बाहेर खोल पाण्यात होती, आणि नक्की काय शोधायचं ते त्याला सांगायला हवं होतं.

"जगू, रंग सांग मरे!"

"समुद्रासारखो," मी म्हणालो.

गोयंदाने ते फोनवर सांगितलं नाही. फोन हातात, तोंड उघडं, तसाच उभा राहिला. हा माझा चुलतभाऊ. आम्ही दोघांनी एकाच होडीत जन्म काढला. वादळातसुद्धा मासा किती मिळाला याची थट्टा करणारा माणूस. त्याच्या तोंडाला शब्द सुचेना हे मी पहिल्यांदा बघत होतो, आणि मी घाबरलो तो त्या क्षणी. थोड्या वेळापूर्वी एल्टन धापा टाकत दारात आला होता, "जगूकाका, सुरंगी भायर गेली, ओहोटीन खेचल्यान," म्हणाला होता, तेव्हासुद्धा मी इतका घाबरलो नव्हतो. होडी आहे, वारा ओळखीचा, पाणी ओळखीचं; जाऊ आणि कान धरून घेऊन येऊ, असंच मनात होतं. तिला बोलायची चार वाक्यंही मी तयार ठेवली होती.

रंग विचारल्यावर ती वाक्यं कुठल्या कुठे गेली.

सुरंगी माझी एकुलती एक मुलगी. आमची वाडी खाडीच्या तोंडाशी. मालवणहून यायचं तर तरीने पलीकडून, नाहीतर लांबच्या वळशाने. अशा ठिकाणी पोरीने कॉलेज करून काय करावं? गोव्याला जाऊन सर्फबोर्ड बनवायला शिकून आली. लाटेवर उभं राहायच्या त्या लांबट फळ्या. फायबरच्या होड्या आमच्याकडे सगळेच वापरतात, पण उभं राहून पाण्यावरून घसरायला कुणी होडी बनवत नाही, असं मी तिला सांगून पाहिलं. तिने मला मान दिला आणि स्वतःच्या मनासारखं केलं. माझी जाळी ठेवायची शेड रिकामी करून घेतली, वेंगुर्ल्याचा हा एल्टन जोडीला घेतला आणि कामाला लागली. एल्टन सुताराच्या घरचा. फोम तासून फळीला आकार द्यायचा तो, आणि वरचं काचकापड, रेझिन, रंग, हे सगळं सुरंगीचं.

रंगात तिचा हात धरणारा किनाऱ्यावर कुणी नव्हता. हे मी बाप म्हणून सांगत नाही. बाप म्हणून मी तिला नावंच ठेवत असे. गोव्याहून, कर्नाटकातून लोक फळ्या मागवत ते तिच्या त्या फिरत्या, एकात एक गुंतलेल्या रंगांसाठी.

त्याच आठवड्यात तिने स्वतःसाठी पहिली फळी केली होती. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या रंगवल्या, ही माझी, म्हणाली. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मी शेडमध्ये गेलो. वाळू उडून आत येऊ नये म्हणून दारं लावलेली, खाली कागद पसरलेले, आणि मधोमध दोन लाकडी घोड्यांवर ती पांढरी फळी, अंगावर काचकापड ओढून निजल्यासारखी. सुरंगी स्वयंपाकाच्या काट्यावर रेझिन आणि ते घट्ट करणारा हार्डनर तोलत होती.

"बाबा, दारातसून बाजूक व्हा, उजेड व्हयो," ती न बघता म्हणाली.

"इतका तोलून मापून तुझ्या आवशीन कधी सांबारा केला नाय."

"तिचा सांबारा बादलीत पेटना नाय. ह्या पेटता. हार्डनर जास्त झालो, नायतर बादलीत वायच जास्त वेळ रवला, तर धूर येता."

चार ग्लास होते. एकात गडद निळा, एकात खाडीच्या पाण्याचा शेवाळी हिरवा, एकात त्या दोघांच्या मधला फिकट, आणि एकात पांढरा. तिने सगळे एका बादलीत ओतले, पण कडेकडेने, एकावर एक, पातळ धारेने. मी ढवळायला काठी पुढे केली तर केवढ्यांदा ओरडली. ढवळलं की चारही रंग मरतात आणि चिखल होतो. फक्त एकदा, अर्धा वेढा काठी फिरवायची आणि काढून घ्यायची. मग तिने बादली फळीवर वाकवली आणि नागमोडी ओतत गेली. रंग एकमेकांत शिरले, पण मिसळले नाहीत. रबराची पट्टी घेऊन ती मधून कडेकडे ओढायला लागली आणि ओढेल तिथे पाण्याच्या शिरा उमटायला लागल्या. हे सगळं पटापट करायचं, कारण रेझिन घट्ट व्हायला लागलं की हात लावता येत नाही.

शेवटी पांढरा थोडा राखून ठेवला होता. तो हातात घेऊन ती थांबली.

"बाबा, वाऱ्यार फेस कसो जाता? वळान काय सरळ?"

"सरळ," मी म्हणालो. "लांब लांब रेघो. वाऱ्यावांगडा."

तिने तशाच, वाऱ्याच्या दिशेने, ओढल्या. खोटं कशाला सांगू, माझ्या अंगावर काटा आला. होडीतून जे पाणी आयुष्यभर बघितलं ते खाली घोड्यांवर पडलं होतं. मला वाटलं, आत हात घालावा.

फळी वाळली, घासून झाली, आणि तिने ती पहिल्यांदा किनाऱ्यालगत पाण्यात ठेवली तेव्हा अर्धी वाडी गोळा झाली होती. गोयंदा टाळ्या पिटत म्हणाला, "दिसतच नाय गो! बघा बघा, पाण्यात ठेवलेली दिसतच नाय!" सगळे हसले. माझी बायको मंदा हसली, मी हसलो. सुरंगी तर लाजली. दर्यावर पोट भरणारी तीस-चाळीस माणसं तिथे उभी होती, आणि त्या वाक्याला सगळ्यांनी वाहवा म्हटली.

ती बाहेर ओढली गेली ती पौषातली सकाळ होती. या दिवसांत आमच्याकडे पहाटेपासून मतलई वारा सुटतो, जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा. त्या वाऱ्याने लाटा सरळ उभ्या राहतात म्हणून फळीवाल्यांना तो आवडतो. पण त्याच वेळी ओहोटी असेल तर खाडीचं पाणी तोंडातून बाहेर धाव घेतं. वारा आणि पाणी दोन्ही एकाच दिशेला. सुरंगी एक लाट चुकली, मग दुसरी, आणि वाळूच्या दांड्यापलीकडे गेली ती गेलीच. एल्टन पोहत बराच आत गेला होता. त्यालाच परत यायला मुश्कील झालं.

"लाल म्हणान सांगू?" गोयंदाने शेवटी मला विचारलं. भीतीने माणूस काय बोलतो बघा.

"लाल कित्याक?"

"कायतरी सांगूक व्हया मा!"

"निळो-हिरवो सांग. वर पांढऱ्यो रेघो. आणि अंगात निळो शर्ट." सांगताना माझा आवाज मलाच परका वाटला.

साडू पलीकडून काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. गोयंदाने "होय, होय" केलं आणि फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून होडीत चढला.

मशीन मी घेतली. आमच्यात होडीच्या मागच्या इंजिनाला मशीन म्हणतात; तिच्या दांड्यावर हात ठेवून बसलं की वळवणं, जोर देणं, बंद करणं सगळं त्या एका हातात. गोयंदा पुढे नाळेवर, होडीच्या टोकाशी, उभा राहिला. किनाऱ्यावर मंदा उभी होती, पदर खोचलेला, दोन्ही हात डोक्यावर. एल्टन तिच्या बाजूला कुणाकुणाला फोन लावत होता. आम्ही वाळूचा दांडा ओलांडला आणि मोकळ्या पाण्यात आलो.

आणि मग ती मला सगळीकडे दिसायला लागली.

हे कसं सांगावं कळत नाही. जिथे बघावं तिथे तोच निळा, तोच शेवाळी, त्यात वाऱ्यावांगडा गेलेल्या त्याच लांब पांढऱ्या रेघा. एक रेघ हलली की मी ओरडायचो, "थंय!" आणि तिकडे होडी वळवायचो, जवळ जाईपर्यंत ती रेघ विरून जायची आणि पलीकडे दुसरी उमटायची. अख्खा दर्या त्या फळीचा झाला होता. मी डोळे चोळले. गोयंदा म्हणाला, "सावकाश, जगू, सावकाश."

आमची होडी बघा, लाल पट्टा, पिवळा काठ, पुढे दोन डोळे काढलेले. खाडीतली एकेक होडी अशीच. पोरगं विचारेल तर आम्ही सांगू, बापाने रंगवली म्हणून. हरवलेली वस्तू दर्यात दिसावी म्हणून ती लाल असते, हे त्या सकाळपर्यंत मला कुणी सांगायची वेळ आली नव्हती. होडी कुणी हरवतो का?

एकदा खरंच काहीतरी दिसलं. पाण्यावर आडवं, निळसर, हलकं वरखाली होणारं. जवळ गेलो तर निळ्या प्लास्टिकचा फाटका तुकडा. गोयंदाने तो वल्ह्याने उचलून होडीत टाकला. का टाकला कुणास ठाऊक. तो माझ्या पायाशी पडून होता आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

फोन वाजला. मंदा.

"दिसला चेडू?"

"बघतंव आमी."

"हाका मारा," ती म्हणाली. तिचा आवाज रडका नव्हता, कोरडा होता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. "रंग दिसना नाय तर हाका मारा तिका. तुमचो आवाज मोठो आसा, जल्मभर माझ्यार ओरडण्यात घालवलास तो. आता ओरडा!"

मी ओरडायला लागलो. "सुरंगे! ए सुरंगे!" मधे मधे मशीन बंद करून कान द्यायचो. वारा पाठीमागून, जमिनीवरून, माझी हाक उचलून पुढे न्यायचा. तिकडून काहीच यायचं नाही. फक्त पाणी होडीच्या पोटाला लागायचं, चुळुक चुळुक. मग पुन्हा मशीन चालू.

आम्ही आडव्या फेऱ्या मारत होतो, उत्तरेकडे जात आणि जरा बाहेर सरकून परत येत. पाणी बाहेर ओढत होतं म्हणून. गोयंदा नाळेवर वाकून एकदम समोरच्या पाण्याकडे बघायला लागला. लांब नाही, जवळ. होडीच्या अगदी पुढ्यात.

"काय बघतंस?" मी ओरडलो.

"काय नाय." मग मान न वळवता तो म्हणाला, "जोर कमी कर वायच."

"कित्याक?"

"दिसना नाय मरे ती. वरसून जायत होडी."

वरसून जायत. म्हणजे होडी तिच्यावरून जाईल.

तोवर मी फक्त ती दिसत नाही एवढ्यालाच घाबरत होतो. आता माझ्या लक्षात आलं की माझ्या पायामागे पाण्यात पंखा गरगरतोय, तो मीच चालवतोय, आणि ती जिथे असेल तिथे मी चाललोय. न दिसता. ती समोरच्या कुठल्याही रेघेत असू शकते. ह्या रेघेत, त्या पुढच्या रेघेत. मी जितका तिच्याजवळ जाईन तितका पंखा तिच्याजवळ जाईल. माझा हात दांड्यावर थरथरायला लागला. मी दुसऱ्या हाताने तो दाबून धरला तर दोन्ही थरथरायला लागले. होडी वेडीवाकडी जायला लागली.

"गोयंदा," मी म्हणालो. "तू घे."

त्याने वळून माझ्या हातांकडे बघितलं. मागे आला, दांडा घेतला. मी पुढे गेलो, नाळेला पोट टेकवलं आणि पाण्याकडे बघत हाका मारत राहिलो. बत्तीस वर्षं होडी चालवली, मशीन दुसऱ्याच्या हातात असताना नाळेवर आलो असा तो एकच दिवस.

उन्हं वर आली. पाण्यावर चकाकी आली आणि होतं तेवढं दिसायचंही बंद झालं. गोयंदाचा साडू फोनवर म्हणाला, तिकडे काही नाही. एल्टन म्हणाला, पोलिसांची बोट निघाली आहे. मी देवीला नवस बोलायला गेलो तर नवसात काय बोलायचं तेच सुचेना. सुरंगीला शाळेत पहिल्यांदा सोडायला गेलो तेव्हा ती माझी लुंगी सोडत नव्हती, तेवढंच डोळ्यांपुढे येत होतं.

"सुरंगे! ए सुरंगे!"

मागे मशीन एकदम खोकली. पुन्हा खोकली आणि गप झाली.

"पेट्रोल सरला," गोयंदा म्हणाला. खालचा दुसरा डबा ओढून घेण्यासाठी तो वाकला.

होडी आधीच्या वेगाने तशीच सरकत होती, आवाज न करता. आणि तेव्हा माझ्या पोटाखाली, नाळेला, काहीतरी लागलं. टक्क. फार मोठा आवाज नव्हता. लाकडावर बोट वाजवावं तेवढा.

मी खाली बघितलं. ती फळी होती. वीतभर अंतरावर आल्यावर ती मला पहिल्यांदा दिसली. मी सांगितलेल्या पांढऱ्या रेघा तिच्यावर स्पष्ट होत्या. नाळेखालून ती बाजूला घसरली, होडीच्या अंगाला खरवडत मागे गेली, आणि तिच्यावर कुणी नव्हतं.

मी किंकाळी फोडली असं गोयंदा पुढे सांगायचा. मला आठवत नाही. मला आठवतं ते एवढंच की मी मागे वळून पंख्याकडे बघितलं. पाणी लाल झालं असेल म्हणून बघितलं. बापाने असं बघावं आणि जिवंत राहावं, ही शिक्षा कुणाला होऊ नये.

"बाबा."

आवाज दुसऱ्या बाजूने आला. होडीच्या पिवळ्या काठावर चार बोटं होती, पांढरीफटक, सुरकुतलेली. मग दुसरा हात आला. आम्ही दोघांनी तिला काखेत धरून आत ओढली. तिचे ओठ जांभळे होते, दात वाजत होते, आणि तिने माझ्या बनियनला जी मूठ घातली ती किनारा येईपर्यंत सोडली नाही. गोयंदा मशीनमध्ये पेट्रोल ओतत होता आणि रडत होता. निम्मं बाहेर सांडलं.

फळी त्यानेच दोरीने मागे बांधून आणली. मी आणली नसती.

किनाऱ्यावर मंदाने तिला आधी एक थोबाडीत दिली आणि मग कवटाळून वाळूत बसली. एल्टन बाजूला तोंड फिरवून उभा होता. मी तयार ठेवलेल्या वाक्यांपैकी एकही बोललो नाही.

घरी आणून तिला कोरडं केलं, गोधडीत गुंडाळलं, चुलीजवळ बसवलं. मंदाने गरम पेज वाढली. गोयंदा उंबऱ्यावर चहाची कपबशी घेऊन बसला. घरी जायचं नाव घेईना. त्याच्या बायकोचे दोन निरोप येऊन गेले. पेजेचे दोन घोट गेल्यावर सुरंगीच्या अंगात जरा धग आली आणि ती बोलायला लागली. हळूहळू, पेजेकडे बघत.

"तुमची हाक माका सगळी ऐकाक येत होती, बाबा. सुरवातीपासून. मी ओरडत होतंय, हात हलवत होतंय. दोनदा तुमी माझ्या बाजून गेलास. एकदा तर इतक्या जवळसून की नाळेर उभ्या गोयंदाकाकाची बंडी दिसली."

वारा. माझा आवाज तिच्याकडे जात होता आणि तिचा आवाज वारा माझ्यापासून लांब नेत होता. मंदाने पळी खाली ठेवली.

"मग कळला, मी दिसणंय नाय. कितीव हात हलवलंय तरी दिसूचंय नाय. हात पण चलनासे झाले. म्हटलंय, आणि एक फेरी बाहेरसून गेली तर संपला. तिसऱ्या वेळी होडी येताना बघलंय आणि आडवी झालंय."

"आडवी म्हणजे?" मी विचारलं.

"होडयेच्या समोर. फळी आडवी केलंय, अगदी नाळेच्या वाटेत. दिसणंय नाय तर लागांदे म्हटलंय."

इतका वेळ मी समजत होतो, योगायोगाने लागली.

"पायाक फळी बांधतंव ती दोरी आधी सोडून टाकलंय, पंख्यात गुंतान खेचूची नाय म्हणान. आणि फळयेवर पडान रवलंय. शेवटाक घसारलंय बाजूक."

"गो बाये," मंदा म्हणाली. "मशीन चालू होती मा गो! पंखो!"

"चालू होती," सुरंगी म्हणाली. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या तोंडावर हसू होतं. त्या अख्ख्या दिवसातलं पहिलं. "पण बाबा होते मा मशीनीर. दुसऱ्या कोणाची होडी आसती तर मी आडवी झालंय नसतंय. बाबांचो हात माका म्हायत आसा. होडयेक कायव लागला, फांदी लागूदे, जाळा लागूदे, आधी मशीन बंद, मागसून बघूचा. ल्हानपणापासून बघतंय मी. आणि ह्या वेळी तर लागायच्या आधीच बंद केल्यानी! माका ऐकाक इला. मशीन गप झाली आणि मग होडी लागली. बाबांका कळला. कसा कळला काय म्हायत, पण कळला."

माझे दोन्ही हात मांडीवर होते. मी त्यांच्याकडे बघितलं. मग मान वर केली ती गोयंदाकडे.

पेट्रोल दहा पावलं पुढे जाऊन संपलं असतं तर काय झालं असतं, ते आम्हा दोघांनाच दिसत होतं. उंबऱ्यावर त्याला आणि चुलीपाशी मला. तो दांड्यावर होता, चकाकीमुळे त्याला समोरचं काही दिसत नव्हतं, जोर चालू होता. आणि ती डोळे मिटून माझ्या हाताच्या भरवशावर आडवी पडली होती. मी तोंड उघडलं. माझ्या तोंडून काय निघणार होतं ते देव जाणे.

गोयंदाने बशी जमिनीवर ठेवली.

"होय गो," तो म्हणाला. "बापसाचोच हात तो."

आणि उठून घरी गेला.

पुढे तीन दिवस मला ताप होता. सुरंगीला साधी सर्दीही झाली नाही. महिन्याभरात ती पुन्हा पाण्यात गेली. मंदाने आकांत केला, मी पण चिडलो, तर म्हणाली, "माका भिती नाय वाटत आता. माका म्हायत आसा, तुमी आसास." खरं सांगितलं असतं तर ती कदाचित थांबली असती. किंवा फळ्यांवर रंग घालणंही सोडून दिलं असतं, आणि नुसती चुलीपाशी बसून पाण्याकडे बघत राहिली असती, जशी त्यानंतर मंदा बसते. मला ते बघवलं नसतं. मी गप्प राहिलो. आता तिचं नाव मोठं झालंय, शेडच्या जागी पक्की इमारत आहे, लांबून लांबून पोरंपोरी शिकायला येतात. निळा मागणाऱ्याला ती निळा करून देते, पण खालची बाजू, अडचणीत उलटी करून दाखवायला, जास्वंदीसारखी लालभडक केल्याशिवाय फळी बाहेर जाऊ देत नाही. का म्हणून कुणी विचारलं की ती हा सगळा किस्सा सांगते, रंगवून, आणि शेवटी माझ्याकडे बोट दाखवते. पोरं वळून माझ्याकडे बघतात. एकदोघं वाकून पायाही पडली आहेत.

गोयंदा मागच्या पावसाळ्यात गेला. शेवटच्या दिवसांत मी त्याच्यापाशी बसायचो. एकदा तो छताकडे बघत म्हणाला, "सांगू नको हां तिका," आणि मी म्हणालो, "नाय." त्याच्या जाण्यानंतर आता ती गोष्ट खरोखर कशी घडली ते जाणणारा मी एकटाच उरलोय.

आजही सकाळी मतलई सुटला की सुरंगी फळी काखेत मारून निघते आणि फाटकातून विचारते, "बाबा, आसास मा?" मी "आसंय" म्हणतो. काठी टेकत किनाऱ्यावर जाऊन बसतो आणि ती बाहेर येऊन वाळूवर उभी राहीपर्यंत हात मांडीखाली दाबून धरतो.